हिरवी रेष

सीताफळाच्या रोपाचा शेंडा धारदार चाकूनं एका झटक्यात उतरवला, की कापलेल्या तोंडावर बाहेर तपकिरी साल दिसते, आत पांढुरकं लाकूड दिसतं, आणि त्या दोघांच्या सांध्यावर एक ओलसर हिरवट रेष दिसते. रेष शिवणाच्या दोऱ्याहून बारीक असते. हवा लागली की ती लवकरच काळवंडते, म्हणून जे काय पाहायचं ते लगेच पाहावं लागतं. झाडाची जाडी वाढते ती या रेषेतून. बियांपासून वाढवलेल्या रोपाला खुंट म्हणायचं. त्याला चीर द्यायची, चांगल्या फळाच्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून पट्टी आवळायची. खुंटाची रेष काडीच्या रेषेला भिडली तर दोन झाडांचं एक झाड होतं. नाही भिडली तर काडी वाळते.

बारकीला हे विद्यापीठाची पायरी चढायच्या कितीतरी आधी माहीत होतं. बाबांच्या मांडीला टेकून तिनं ते पाहिलं होतं. विद्यापीठात या रेषेला कॅम्बियम म्हणतात एवढंच तिला पुढं कळलं, आणि ते नाव तिनं घरी सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, इतकी वर्षं बिचारी बिननावाची राबत होती."

बाबांना सगळे कलमवाले म्हणत. त्यांची कलमं मरत नाहीत, असा लौकिक होता. काडी चिरेत बसवली की ते डाव्या अंगठ्याचं पेर सांध्यावरून एकदाच फिरवत. खुंटाची साल आणि काडीची साल एका पातळीत लागली की पुढचं कलम. पाहणारे चाट पडायचे. कुणी तरी चिडवायला त्यांना अंगठेबहाद्दर म्हटलं, तर बाबा झोकात सही करून दाखवायचे आणि म्हणायचे, "सही कुणालाही येते. हा अंगठा कुणाचा आहे दाखवा."

बारकीची आई गेल्यापासून घर आणि बांधणी दोन्ही आत्याकडं होतं. आत्या बाबांची थोरली बहीण. बाबांनी काडी बसवायची आणि आत्यानं कलमपट्टी गुंडाळायची, खालून वर, एकावर एक अर्धा पदर चढवत, हे इतकी वर्षं चाललेलं की दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नसे. दादा पाणी, माती, पिशव्या आणि गिऱ्हाईक बघायचा. बारकी सकाळच्या बसनं विद्यापीठात जायची, संध्याकाळच्या बसनं यायची. वनस्पतिशास्त्राचं तिचं शेवटचं वर्ष होतं.

यंदा कलमं मरत होती.

गेल्या हंगामात विहिरीनं दगा दिला होता. पाणी पुरेना म्हणून निम्म्या खुंटांवर कलमं केलीच नव्हती, ते तसेच सावलीच्या जाळीखाली ठेवले होते. यंदा विहीर भरली आणि पहिली खेप त्याच खुंटांवर झाली. चांगले करंगळीएवढे जाड झालेले खुंट, बघून बाबा खूश होते. पट्टीच्या वर काडीचे कोंब फुगायची वेळ आली, आणि काड्या सुरकुतायला लागल्या. आधी टोक काळं पडलं. मग काळेपणा खाली उतरला.

ज्याची मागणी होती तो बागवान नेमका तेव्हा आला. स्कूटर जाळीच्या दाराशी लावून तो ओळीतून हिंडला, एका पिशवीपाशी थांबला, आणि दोन बोटांत धरून काडी अलगद वर ओढली. ती पट्टीतून सुटून हातात आली.

"कलमवाले," तो म्हणाला, "ही कलमं आहेत की दात कोरायच्या काड्या?"

दादा हसला. हसायला नको होतं हे त्याला लगेच कळलं. बाबांनी बागवानाच्या हातातून काडी घेतली, तिचं तासलेलं टोक बोटांनी चाचपलं आणि खिशात घातली.

"दुसरी खेप लावतो. तुमची मागणी मोडणार नाही."

"मोडू नका. माझे खड्डे खणून झालेत. नाहीतर पलीकडच्या मोठ्या नर्सरीत जातो. तिथं दात कोरायचं वेगळं मिळतं म्हणे," बागवान म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

तो गेल्यावर बाबांनी शेजारच्या कलमाची पट्टी बोटांनी चाचपली. मग आत्याकडं न बघता म्हणाले, "बांधणी सैल पडतेय."

आत्याच्या हातात पट्टीचं रीळ होतं. ती म्हणाली, "सैल?"

"हवा जाते आत. हात थकला असेल. वय झालं."

"माझं वय झालं, आणि तू काय काल रांगत होतास?"

"दुसऱ्या खेपेला दादा बांधेल. तू पिशव्या भर."

बारकी बसमधून उतरून आली तेव्हा आत्या मातीच्या ढिगाशी बसली होती. पदर खोचलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत माती आणि खतात. पिशवी उघडायची, ओंजळ घालायची, ठोकायची, पुन्हा ओंजळ. हे काम रोजानं येणाऱ्या बाया करत. आत्यानं ते लग्नाआधी केलं असेल.

"आत्या, हे काय?"

"बढती झाली," आत्या म्हणाली. "वरून खाली."

बारकीला आत्याकडं बघवेना. कारण पहिल्या काड्या काळ्या पडल्या तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्याकडंच पाहिलं होतं. शिकलेली ना. तिनं टोकाचा काळेपणा पाहून बुरशी म्हटलं होतं, दादानं पाठीवर पंप घेऊन औषध मारलं होतं, आणि काड्या होत्या तशाच वाळत राहिल्या होत्या. तिचं निदान फसलं होतं आणि आता दोष आत्याच्या हातावर येऊन बसला होता.

जेवताना तिनं विषय काढला. तिचा स्वतःचाही एक विषय अडकून पडला होता. एम.एस्सी.साठी तिची निवड झाली होती. पण सकाळी जाऊन संध्याकाळी येऊन ते जमण्यासारखं नव्हतं. दिवसदिवस प्रयोगशाळेत राहायचं, वसतिगृहात राहायचं. बाबा नाही म्हणत नव्हते. हो म्हणत नव्हते. जेव्हा विचारावं तेव्हा त्यांचं एकच उत्तर होतं.

"कलमं धरू देत. मग बोलू."

"बाबा, आमच्या विभागातल्या मॅडम विचारत होत्या."

"धरू देत म्हटलं ना."

"आणि नाही धरली तर?" दादानं विचारलं. "मग मोठ्या नर्सरीतून तयार कलमं आणून विकू. हातानं लावायचे दिवस गेले. पण मग बारकीच्या वसतिगृहाचं काही खरं नाही. ती आणायला, विकायला इथं तरी किती हात आहेत?"

बाबा ताटावरून उठले. उठताना त्यांचा हात तांब्याला लागला आणि पाणी चटईभर झालं. आत्यानं फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी बारकीनं मेलेल्या कलमांचे सांधे कापून घेतले. बोटभर लांबीचे तुकडे, पट्टीसकट. ओल्या कापडात गुंडाळून ते तिनं जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात ठेवले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "डब्यात काय आणलंस गं? लाकडाचा वास येतोय."

"लाकूडच आहे."

"डाएट का काय?" बाई म्हणाली.

विभागाची प्रयोगशाळा लांबट खोली होती. खिडक्यांना धूळ, टेबलांना डाग, आणि एका बाजूला सूक्ष्मदर्शकांची रांग, निळी कव्हरं घातलेली. मॅडम उंच होत्या, बोलायच्या कमी. चुकीचं रेखाटन केलं तर वही परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुला जे दिसायला हवं होतं ते तू काढलंस. दिसलं ते काढ." पहिल्या वर्षी बारकी यावरून स्वच्छतागृहात जाऊन रडली होती. तिसऱ्या वर्षी तिला तेच एक वाक्य खरं शिक्षण वाटायला लागलं होतं. तिचा प्रकल्प लाकडाच्या रचनेवर होता, त्यामुळं सांधे कापायला वेगळी परवानगी लागली नाही.

तिनं पट्टी सोडवली, तुकडा पाण्यात भिजू दिला. मग दाढीच्या पात्यानं काप घ्यायला बसली. पातं ओलं हवं, तुकडा ओला हवा, आणि हात आपल्याकडं एका दमात ओढला गेला पाहिजे. जाड काप गेला तर खाली काही दिसत नाही. पुष्कळ काप वाया गेले. मग एक निघाला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. तो तिनं कुंचल्यानं उचलून लाल रंगात बुडवला, धुतला, काचेवर ठेवला, वर दुसरी काच तिरकी करून हळूच सोडली, म्हणजे बुडबुडा राहत नाही.

भिंगाखाली लाकूड लाल झालेलं, जाळीदार. बुरशीचा एकही धागा नव्हता. हवा शिरल्याची खूणही नव्हती. पट्टी सैल असती तर चिरेच्या तोंडाशी सगळं सुकून तडकलेलं दिसलं असतं. तिथं उलट मऊ, नव्या पेशी फुगून आल्या होत्या. खुंटानं आपल्या बाजूनं पेशी काढल्या होत्या. काडीनंही काढल्या होत्या. दोघांनी हात पुढं केले होते आणि ते एकमेकांच्या शेजारून निघून गेले होते. खुंटाची रेष आत, काडीची रेष बाहेर. मधे तपकिरी, मेलेला पट्टा.

तिनं दुसरा सांधा कापला. तसाच. तिसरा. तसाच. प्रत्येकात काडी तेवढीच बाहेर. आणि प्रत्येकात बाहेरच्या साली मात्र अगदी एका पातळीत, फुटपट्टी लावावी तशा.

तिला अंगठा दिसला. सांध्यावरून एकदाच फिरणारा.

खुंट यंदा एका वर्षानं थोराड होते. त्यांची साल जाड झाली होती. काडीची साल पातळच. बाहेरून साली जुळवल्या की आतल्या रेषा चुकणार, सालींच्या जाडीत जेवढा फरक तेवढ्या. कोवळ्या खुंटावर हे कधी कळलं नसतं. तिथं दोन्ही साली सारख्याच असतात. जाड खुंटाला काडी किंचित आत घ्यायची, हे बाबांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. रेष बघून घ्यायची. अंगठा फक्त खात्री करायला.

मॅडम मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाकून भिंगातून पाहिलं, काच सरकवली, पुन्हा पाहिलं.

"कोणी लावलंय?"

"वडिलांनी."

"इतक्या सफाईनं चुकलेलं कलम मी पाहिलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हात फार चांगला आहे. त्यांनी पाहिलं नसावं, इतकंच."

बारकीनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. तांब्याला लागलेला हात तिला आठवत होता. त्याआधीचा, कपाच्या बाहेर ओतलेला चहा. उजवीकडचा चाकू आधी बोटांनी चाचपडणं आणि मग उचलणं. हे सगळं तिनं पाहिलं होतं. काढलं मात्र वेगळंच होतं: बाबा चिडलेत, बाबा दमलेत.

"होकार कळवायचा आहे, लक्षात आहे ना?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"हो. घरी कलमं धरली की."

"झाडांवर सोडलायस का निर्णय?"

"आमच्या घरी सगळंच झाडांवर असतं मॅडम."

मॅडम हसल्या. असं क्वचित व्हायचं. त्यांनी कपाटातून एक हातभिंग काढून तिला दिलं. "परत आण."

सुटीच्या दिवशी सकाळी दुसऱ्या खेपेची तयारी झाली. ऊन जाळीतून चाळून येत होतं. काड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या. सीताफळाचा कोंब पानाच्या देठाखाली दडलेला असतो. पान गळल्याशिवाय तो दिसतही नाही, म्हणून बाबांनी आधीच झाडावरची पानं खुडून ठेवली होती आणि काड्यांवरचे कोंब टपोरले होते. चाकूला धार लावलेली. दादा रीळ हातात घेऊन बसला होता आणि पट्टी त्याच्या बोटांना चिकटत होती. आत्या लांब मातीच्या ढिगाशी होती.

बारकीनं एक मेलेलं कलम आडवं कापून बाबांच्या पुढं धरलं. दुसऱ्या हातात भिंग.

"बाबा, आधी हे बघा ना. मग लावा."

"काय आहे?"

"खुंटाची साल यंदा जाड आहे. रेष आत गेलीय. बघा, दोन्ही रेषा लागत नाहीयेत."

"मला शिकव आता," बाबा म्हणाले, पण भिंग त्यांनी घेतलं. आयुष्यभर ज्या डोळ्याला लावलं त्याच उजव्या डोळ्याला लावलं. तुकडा जवळ नेला, लांब नेला, उजेडाकडं वळले.

"रेष कुठाय यात? पांढरं आहे सगळं. धुरकट आहे तुझं भिंग."

दादानं भिंगाकडं पाहिलं. भिंग स्वच्छ होतं.

मातीच्या ढिगाशी आत्याचा हात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, "डाव्याला लाव."

"काय?"

"डाव्या डोळ्याला लाव म्हटलं."

बाबांनी भिंग दुसऱ्या डोळ्याला लावलं. बारकी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. आधी कपाळावरची आठी गेली. मग ओठ किंचित उघडले. त्यांनी तुकडा फिरवला, पुन्हा उजव्या डोळ्याला लावला, पुन्हा डाव्याला. बराच वेळ. शेवटी भिंग खाली केलं, तेव्हा ते बारकीकडं नाही, बहिणीकडं बघत होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तू चहा बशीला पाजतोस तेव्हापासून."

"मग बोललीस का नाहीस?"

"कधी बोलू? तू मला बांधणीवरून उठवलंस तेव्हा बोलणार होते. पण तेव्हा तू म्हणाला असतास, म्हातारी दावा साधतेय." आत्यानं हात झटकले. "आणि कलमवाल्याच्या डोळ्यात पडदा आला असं मी आपल्या तोंडानं जाळीत उभी राहून सांगू? त्यापेक्षा बांधणी सैल तर सैल. माझा काय, लौकिक थोडाच आहे?"

बाबा बसून राहिले. त्यांचा अंगठा चाकूच्या मुठीवर मागंपुढं फिरत होता. बारकीला वाटलं, आता ते उठतील आणि घरात जातील, आणि खेप तशीच राहील. तिला एकदा असंही वाटून गेलं, की आपण हे केलं नसतं तर बरं झालं असतं.

बाबा उठले. ढिगाशी गेले. वाकून आत्याचा मातीचा हात धरला आणि तिला उभं केलं.

"चल. दादाला पट्टी चिकटतेय."

"हात धुऊ दे की," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा फाटला होता, म्हणून ती जोरात खाकरली. "हल्लीच्या धाकट्यांना दम नाही."

हौदावर तिनं हात धुतले, उगीच बराच वेळ. परत येऊन दादाला कोपरानं बाजूला सारलं. "ऊठ रे. बोटं आहेत का भेंड्या?"

बाबांनी पहिला खुंट पुढ्यात घेतला. शेंडा उतरवला, चीर दिली. काडी घेतली, दोन बाजूंनी तासली. त्यात अजूनही कसूर नव्हती. दोन घाव, दोन गुळगुळीत पृष्ठं, पाचर तयार. मग त्यांनी खुंट आणि काडी बारकीपुढं सरकवली.

"तू बसव."

"मी?"

"रेष दिसतेय ना तुला?"

तिला दिसत होती. हिरवी, ओली. तिनं काडी चिरेत उतरवली. काडी खुंटाहून बारीक होती, म्हणजे एकाच बाजूची रेष जुळवायची. साल सालीशी लावायचा मोह बोटांनाच होत होता. तिनं काडी केसभर आत घेतली. बाहेरून सांधा वाकडा दिसायला लागला, पायरी पडल्यासारखा.

बाबांनी अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "लागलं नाही हे."

"लागलंय बाबा."

त्यांनी भिंग घेतलं, डाव्या डोळ्याला लावलं, पाहिलं. मग कलम आत्याकडं सरकवलं, आणि आत्यानं खालून वर पट्टी चढवली.

आधी काम रखडलं. बारकीचा हात नवा होता, काडी बसवेपर्यंत रेष काळवंडायची आणि बाबा तिला ती काडी टाकून द्यायला लावायचे. "मेलेल्याला काय बसवतेस? नवा काप घे." तिचं बोट कापलं. आत्यानं पट्टीचा तुकडा बोटालाही गुंडाळला आणि म्हणाली, "फुटेल आता कोंब यालाही." दुपारपर्यंत मात्र चौघांची लय जमली. बाबांच्या हातातून तिच्या हातात, तिच्याकडून आत्याकडं, आत्याकडून दादाच्या ओळीत. कुणाला बोलावं लागेना. मान आखडली, मांड्यांना मुंग्या आल्या, बोटांची टोकं चिकानं काळी झाली. संध्याकाळी उठताना बारकीला गुडघे सरळ करता येईनात, आणि बाबा पहिल्यांदा हसले. "विद्यापीठात हे शिकवत नाहीत वाटतं?"

पुढचे सुटीचे दिवस असेच गेले. सगळी खेप लावून झाली.

मग वाट बघणं. रोज बसमधून उतरली की बारकी चपला न काढता जाळीत जायची. काड्या हिरव्या होत्या. पण पहिल्या खेपेलाही आधी हिरव्याच होत्या. विद्यापीठात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या काचा पाहिल्या आणि विचारलं, "दोन्ही बाजूंना पेशी आहेत, तरी कलम का मेलं?" तिनं साल, जाडी आणि रेष सांगितली. "उपाय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "केलाय. उत्तर अजून यायचंय." मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हसत होते.

उत्तर आलं ते सकाळी, बस पकडायच्या घाईत. दादानं जाळीतून हाक मारली, नुसती "बारके!" म्हणून. ती धावत गेली. पहिल्या ओळीत एका काडीवर देठाच्या खुणेतून पोपटी टोक वर आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. शेजारच्या काडीवर दोन. पलीकडच्या ओळीत पान उलगडायच्या बेतात होतं, मखमली, अजून घडी न मोडलेलं. ती वाकून वाकून बघत ओळीच्या टोकापर्यंत गेली. मेलेल्या काड्या होत्या, पण त्या शोधाव्या लागत होत्या. बस रस्त्यावर हॉर्न वाजवून निघून गेली.

आत्या मागून आली, ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बांधणी घट्ट होती हो."

पानं हाताच्या तळव्याएवढी झाली तेव्हा बागवान आला. तो ओळीतून हिंडला, एक काडी दोन बोटांत धरली आणि वर ओढली. काडी आली नाही. पिशवी उचलली गेली. त्यानं आणखी एक ओढून पाहिली.

"आता उपटूनच घेऊन जाणार का?" आत्यानं विचारलं. "टेम्पो आणा की."

"काय केलंत काय, कलमवाले?"

"मी नुसतं कापलं. बसवलं हिनं," बाबा बारकीकडं हात करून म्हणाले.

बागवानानं बारकीकडं नीट पाहिलं, जणू ती आताच उगवली होती. "मग माझं पुढच्या हंगामाचं आत्ताच धरून ठेवा. पण ताईंच्या हातचीच हवीत. आधीच सांगतो."

"झालं तर मग," दादा खुशीत म्हणाला. "आता कलमं बारकीच लावणार. हात बसलाय तिचा. तयार कलमं आणायची गरजच नाही."

हे बारकीनं ताडलं नव्हतं असं नाही. जसजसे कोंब वाढत होते, तसतशी ही भीतीही वाढत होती. कलमं धरली नसती तर हात कमी म्हणून राहावं लागलं असतं. कलमं धरली, आता हात चांगला म्हणून राहावं लागेल. तिनं खाली पाहिलं. बोटावरच्या कापाची पांढरी रेघ राहिली होती. मॅडमचं भिंग खिशात होतं, उद्या परत द्यायचं. होकार कळवायची मुदतही उद्याच संपत होती, आणि तिनं विचारायचं सोडून दिलं होतं. 'मग बोलू'मधलं 'मग' आलं होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

आत्या पट्टीचं रीळ उगीच उलगडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. ती भावाकडं बघत होती.

बाबा एका पिशवीपाशी उकिडवे बसले. कलमाच्या सांध्यावर पट्टी फुगून आली होती, आत गाठ धरल्याची खूण. त्यांनी पट्टीची गाठ सोडवली, फेरे उलगडले. सांधा उघडा पडला. जी पायरी त्यांना वाकडी वाटली होती तिच्यावरून नवी साल चढली होती, खालच्या झाडाची आणि वरच्या झाडाची, कुठं कोणती संपते ते कळत नव्हतं. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा, सावकाश.

"बागवान," ते म्हणाले, "तुमची मागणी धरली. पण हात माझा असेल."

"तुमचा? अहो पण..."

"सोमवारी दवाखान्यात जातोय. डोळ्यातला पडदा काढून घेतो. दादा येईल बरोबर. कापाकापी झाली तर झाली, मी काय आयुष्यभर दुसऱ्यांनाच कापत बसू?"

दादा तोंड उघडून बघत राहिला. "बाबा, मग बारकी..."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी बारकीकडं पाहिलं. तोंड जरा वळवून, डावा डोळा पुढं आणून, तिला नीट बघता यावं म्हणून.

"उद्या तुझ्या मॅडमना सांग," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "कलमं धरली. मुलगी वसतिगृहात राहायला येतेय, एम.एस्सी. करायला."